रव्यावरचे नाव

उपयोजित कलेच्या तिसऱ्या वर्षाला आम्हाला एक काम मिळाले होते. कोल्हापूर परिसरातला एखादा चालता, छोटा व्यवसाय निवडायचा, त्याचा अभ्यास करायचा आणि वर्ष संपण्याआधी त्याची ब्रँड आयडेंटिटी, म्हणजे नाव, चिन्ह, अक्षरे, रंग आणि वेष्टन यांची एकमेकांना धरून राहणारी रचना, उभी करायची. वर्गातल्या बहुतेकांनी चप्पल घेतली, काहींनी कांदा-लसूण चटणी घेतली. मी गूळ घेतला, कारण पंचगंगेपलीकडे पन्हाळ्याच्या रस्त्यालगत आईच्या चुलत भावाचे गुऱ्हाळ होते आणि लहानपणी तिथे खाल्लेल्या गरम काकवीची चव माझ्या जिभेवर अजून होती. माणसे घरची, वस्तू रोजच्या जेवणातली, तेव्हा काम सोपे जाईल अशी माझी समजूत होती.

पहिल्याच आठवड्यात मी चोवीस चिन्हे काढून नेली. उसाचे कांडे, हिरवे पान, बैलजोडी, उगवता सूर्य, काहिलीतून, म्हणजे रस उकळायच्या मोठ्या कढईतून, निघणारी वाफ, आणि या सगळ्यांच्या आपापसातल्या जोड्या. सरांनी ती शांतपणे पाहिली आणि काही न बोलता परत दिली. पुढच्या तासाला ते गुळाची दहा वेगवेगळी पाकिटे घेऊन आले. प्रत्येकावरचे नाव त्यांनी कागदाच्या पट्टीने झाकले होते आणि ती टेबलावर ओळीने मांडून त्यांनी आम्हाला एवढेच विचारले की, यातले कोणते कोणाचे ते सांगा. कोणालाही सांगता आले नाही. तपकिरी कागद, सुतळी, कोपऱ्यात हिरवे पान आणि ‘नैसर्गिक’ हा शब्द जवळजवळ सगळ्यांवर होता. माझ्या चोवीस चिन्हांपैकी कोणतेही त्या दहांपैकी कोणत्याही पाकिटावर सहज बसले असते, हे मला तिथे उभ्या उभ्या दिसले. सरांनी मला सांगितले, “आता चार आठवडे पेन्सिल धरायची नाही. गूळ जिथे जिथे जातो तिथे त्याच्या मागे जायचे आणि त्याचे नाव कुठे बदलते ते लिहून आणायचे.”

या सांगण्यातला दुसरा भाग मला त्या दिवशी कळला नव्हता. तो कळायला मला श्री शाहू मार्केट यार्डात जावे लागले.

कोल्हापूरची गूळपेठ ही आपोआप वाढलेली पेठ नाही. राजर्षी शाहू महाराजांनी १८९५ मध्ये गुळाच्या व्यापारासाठी शाहूपुरी वसवली, आणि पुढे हा व्यापार मार्केट यार्डात आला तरी यार्डाला नाव महाराजांचेच राहिले. दिवाळीच्या पाडव्याला हंगामाचे मुहूर्ताचे सौदे निघतात. मी गेले तेव्हा हंगाम ऐन भरात होता. तीस किलोंचे रवे, म्हणजे गुळाच्या ढेपा, रांगेने मांडलेले होते, खरेदीदार एका रांगेतून दुसऱ्या रांगेत सरकत होते, आणि माझ्या लक्षात आले की, इथे कोणी काही वाचत नाही. अंगठा दाबून रव्याचा कडकपणा पाहिला जातो, खपली काढून उजेडाकडे धरली जाते, कण बोटांत चुरडला जातो, जिभेवर ठेवला जातो. इतक्या वेळात दर ठरलेला असतो. मामांचे रवे अडत्याच्या वहीत त्यांच्या नावावर मांडलेले होते. सौदा झाल्यावर ते व्यापाऱ्याच्या गोदामात गेले आणि तिथून व्यापाऱ्याच्या छापाने बाहेर पडले. या गुळाचे मोठे गिऱ्हाईक गुजरातेत आहे, आणि तिथल्या दुकानात तो ‘कोल्हापुरी’ एवढ्याच नावाने ओळखला जातो. उलट आमच्याच शहरातल्या वाण्याकडे रवा फोडून गूळ सुटा विकला जातो, आणि तिथे त्याला ‘पिवळा’ किंवा ‘काळा’ याखेरीज नावच उरत नाही. म्हणजे मामांचे नाव वहीच्या एका पानापर्यंत आले आणि तिथेच गळून पडले. मी हे मामांना सांगितले तेव्हा त्यांना त्यात नवल वाटले नाही. “गूळ बघून घेत्यात गं, नाव बघून कोण घेतंय?” असे ते म्हणाले, आणि ते वाक्य मी जसेच्या तसे वहीत उतरवून घेतले.

त्या वाक्यावर मी बरेच दिवस विचार करत राहिले, कारण त्यात एक अडचण दडलेली होती. बघून घेतात म्हणजे नक्की काय बघून घेतात? मुख्यतः रंग. सोनेरी पिवळ्या गुळाला चढा दर मिळतो. हा रंग चांगला ऊस, वेळेवर काढलेली मळी, म्हणजे उकळत्या रसावर येणारा गाळ, आणि कसबी गुळव्याचा, म्हणजे गूळ शिजवणाऱ्याचा, हात यांतून येऊ शकतो. तो गंधकयुक्त पावडर टाकूनही आणता येतो. गुऱ्हाळावर तिला हायड्रॉस म्हणतात, आणि गुळात गंधक डायऑक्साइड दहा लाख भागांत ७० भागांपेक्षा जास्त असू नये अशी अन्नसुरक्षेच्या नियमांची मर्यादा आहे. मामा ही पावडर वापरत नाहीत. त्यांच्या गुळाचा रंग उसाच्या वाणाप्रमाणे, जमिनीप्रमाणे, कधी कधी त्या दिवसाच्या रसाप्रमाणे बदलतो, आणि गडद निघालेल्या रव्याला सौद्यात कमी दर मिळतो. त्या गडदपणाचे कारण सांगायला रव्याजवळ काहीच नसते. तो कोणाकडून आला, कसा शिजला, मागच्या वेळी कसा लागला होता, हे सांगणारे नाव जिथे नसते तिथे डोळ्याला रंगाशिवाय दुसरा आधार राहत नाही. ब्रँड म्हणजे वस्तूला चढवलेला साज, असे मी तोवर धरून चालले होते. मार्केट यार्डात मला पहिल्यांदा वाटले की, मामांना साजाची काही गरज नाही. त्यांच्या गुळाला साक्षीदार हवा आहे.

याच दिवसांत ग्रंथालयात मी प्रभात फिल्म कंपनीच्या बोधचिन्हाबद्दल वाचत होते. १ जून १९२९ रोजी कोल्हापुरात प्रभात सुरू झाली आणि १९३३ मध्ये ती पुण्याला गेली. तुतारी फुंकणारी ती स्त्री आपण सगळ्यांनी पाहिलेली असते, त्यामुळे तिच्याकडे नीट पाहायचे राहून जाते. प्रभात हे नाव, उजाडताना मंगल वार्ता देणारी तुतारी, आणि बोलपट आल्यावर त्या तुतारीला मिळालेला सूर, या तिन्ही गोष्टी एकच वाक्य बोलतात. प्रभातच्या संस्थापकांपैकी दामले आणि फत्तेलाल हे बाबूराव पेंटरांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत तयार झालेले कलावंत होते, चित्र आणि यंत्र या दोहोंवर त्यांचा हात होता. मला त्या चिन्हात सर्वांत मोलाचे वाटले ते हे, की त्यांनी चित्रपटाचे चिन्ह करताना कॅमेरा किंवा फिल्मची पट्टी काढली नाही. आपल्या प्रेक्षकाच्या कानात आणि देवळात जे आधीपासून होते ते त्यांनी उचलले. आणि मी मात्र गुळाचे चिन्ह म्हणून ऊस काढत बसले होते.

बाजारानंतर मी स्वयंपाकघरांत गेले. आरंभी मी प्रश्नावली घेऊन जात असे. “तुम्हाला कोणत्या प्रकारचे पाकीट आवडेल?” असे विचारले की, समोरच्या काकू माझे मन राखण्यासाठी मी दाखवलेल्यांपैकी सर्वांत रंगीत पाकिटाकडे बोट दाखवत. अशा बारा प्रश्नावल्या भरून आणल्यावर माझ्या ध्यानात आले की, माझ्या वहीत फक्त लोकांचा चांगुलपणा जमा झाला आहे. मग मी प्रश्न बदलला. शेवटचा गूळ घरात कधी आला, तो कोणी आणला, तो आता कुठे आहे आणि मला तो पाहता येईल का, एवढेच विचारू लागले. मग डबे उघडू लागले. मंगळवार पेठेतल्या एका घरात गूळ स्टीलच्या डब्यात होता, राजारामपुरीतल्या एका घरात काचेच्या बरणीत, आणि एका आजींनी तो मुंग्यांच्या भीतीने पाण्याच्या ताटलीत ठेवलेल्या डब्यात जपला होता. पावसाळ्यात गूळ हवेतले पाणी ओढून पाझरतो, म्हणून आषाढाच्या आत तो संपवावा की बांधून ठेवावा यावर प्रत्येक घराचे स्वतःचे मत होते. मोठा खडा फोडण्यासाठी कोणी बत्ता वापरत होते, कोणी सुरीच्या मागच्या बाजूने ठोकत होते, आणि दोन घरांत बायकांनी मला हातावरचे व्रण दाखवले. पाकीट मात्र एकाही घरात शिल्लक नव्हते. ज्यांनी पाकिटातला गूळ आणला होता त्यांनीही तो डब्यात ओतून पाकीट टाकून दिले होते. म्हणजे मामांच्या गुळाला मी कितीही सुंदर वेष्टन दिले असते तरी त्याचे नाव दुसऱ्यांदा गळून पडले असते, आणि या वेळी ते स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर.

यानंतर मी गुऱ्हाळावर राहायलाच गेले, आणि या कामातले माझे सर्वांत सुखाचे दिवस तेच होते. पहाटे चरक सुरू होतो. रस काहिलीत पडतो, चुलवाणात जळव्या वाळलेली चिपाडे सारत राहतो. रस तापू लागला की भेंडीच्या खोडाचे चिकट पाणी आणि चुन्याची निवळी घालतात, मग मळी वर येते आणि ती काढत राहावी लागते. साधारण ११८ अंश सेल्सिअसला पाक उतरवण्याजोगा होतो, पण आमच्या गुऱ्हाळावर तापमापक नव्हता. गुळवे आप्पा पाकाचे थेंब गार पाण्यात टाकत, त्याची गोळी वळत, ती भांड्याच्या काठावर आपटत आणि तिचा आवाज ऐकून काहील उतरवायला सांगत. एक टन उसाला जेमतेम शंभर ते सव्वाशे किलो गूळ मिळतो, आणि त्या साऱ्या उसाचे भवितव्य त्या एका आवाजावर टांगलेले असते.

आप्पांच्या बोलण्यात एक शब्द सतत येत असे. “हे तिसरं आदण.” “कालचं दुसरं आदण जरा रगटलं.” “या आदणाला भेंडी कमी पडली.” एका काहिलीत एका वेळी शिजणारा रस म्हणजे एक आदण. शब्दकोशात तो ‘आधण’ असा आहे, आणि भातासाठी उकळायला ठेवलेले पाणी म्हणून तो प्रत्येक मराठी घरात आहे. मला तो ऐकताच नाव सापडल्यासारखे वाटले, कारण त्यात मामांच्या गुळाची सारी अडचण आणि तिचे उत्तर एकत्र होते. प्रत्येक आदण वेगळे असते, म्हणून रंग वेगळा असतो. हे लपवायचे नव्हते, उघड सांगायचे होते.

नावापाशी कायद्याचीही थोडी ओळख झाली. ‘कोल्हापुरी गूळ’ हे नाव ब्रँड म्हणून घेता येत नाही, आणि येऊही नये. कोल्हापूरच्या गुळाला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आहे आणि ते नाव या भागातल्या सगळ्या उत्पादकांचे सामाईक धन आहे. स्वतःचे नाव हे त्याच्या शेजारी उभे राहायला हवे. १९९९ च्या व्यापारचिन्ह कायद्यानुसार गूळ तिसाव्या वर्गात येतो, नोंदणी दहा वर्षांसाठी असते आणि तिचे नूतनीकरण करता येते. नोंदणी कार्यालयाच्या संकेतस्थळावर कोणालाही शोध घेता येतो, आणि तो केवळ अक्षरांवरून नव्हे तर उच्चारावरूनही घेता येतो, हे विद्यार्थ्यांनी आवर्जून करून पाहावे असे काम आहे. मी दोन संध्याकाळी त्यात घालवल्या.

आता नाव ठेवायचे कुठे, हा प्रश्न होता. पाकीट टाकले जाते, हे तर पाहिलेच होते. मग नाव गुळातच का असू नये? एक किलोच्या वडीच्या साच्यात अक्षरे उठवली तर ती गुळात खोल उमटतील, डब्यात गेली तरी राहतील. ‘आधण’ या शब्दाला वर वेलांटी नाही, खाली उकार नाही, म्हणजे मोडून पडावे असे नाजूक काही त्यात नाही, याचा मला फार आनंद झाला होता. मी अक्षरे रेखली आणि ती घेऊन शिवाजी उद्यमनगरात गेले. कोल्हापूरच्या फाउंड्रींना, म्हणजे ओतकामाच्या कारखान्यांना, लाकडी पॅटर्न, म्हणजे ज्यावरून वाळूचा साचा घेतात ते नमुने, करून देणारे कारागीर तिथे आहेत. ज्यांनी माझे काम केले त्यांनी रेखाटन पाहताक्षणी सांगितले की, अक्षरांच्या कडा अशा सरळ उभ्या ठेवल्या तर माल साच्यात अडकेल, त्यांना उतार द्यावा लागेल. ओतकामात त्याला ड्राफ्ट म्हणतात. वाळूच्या साच्यातून पॅटर्न सुटावा म्हणून जे केले जाते तेच गुळासाठी करायचे होते. तीन वर्षे अक्षरांचा अभ्यास केलेल्या मला अक्षराला बाजूनेही आकार असतो हे एका पॅटर्नमेकरने शिकवले. साच्यात अक्षरे उलटी कोरायची, हेही तिथेच अंगवळणी पडले.

जानेवारीत पहिला सागवानी साचा घेऊन मी गुऱ्हाळावर गेले. आप्पांनी त्यात गूळ भरला, निववला आणि वडी काढून माझ्या हातात दिली. तिच्यावर ‘आघण’ असे उमटले होते. ध आणि घ यांच्यातला मुख्य फरक शिरोरेषेचा असतो. ध च्या डाव्या वळणावर रेघ तुटलेली असते, घ वर ती सलग असते. त्या तुटीच्या जागी गुळाची जी बारीकशी भिंत उभी राहायला हवी होती ती सुटतानाच ढासळली होती. मी ती तूट रुंद केली, पुन्हा साचा केला, पुन्हा भिंत ढासळली. तिसऱ्या वेळी मी जवळजवळ रडकुंडीला आले होते आणि नावच बदलावे लागणार असे म्हणत होते, तेव्हा आप्पांनी वडी हातात घेऊन विचारले, “ह्यात काय लिवलंय?” मी सांगितले, “आधण.” ते म्हणाले, “आमी तर आदण म्हंतो.”

ते अक्षर माझ्या कानावर महिनाभर पडत होते. मी ते रोज वहीत लिहीत होते आणि लिहिताना दर वेळी मनातल्या मनात शुद्ध करत होते. द ला ती तूट नसते, तिथे मोडायला काही नसते. शब्दकोशातले रूप सोडून गुऱ्हाळावरचे रूप घेतले आणि चौथ्या साच्यातून ‘आदण’ स्वच्छ उमटले. त्याच वेळी मी शिरोरेषाही प्रत्येक अक्षरापाशी तोडली आणि अक्षरांच्या मध्ये दोन खोल चिरा दिल्या, म्हणजे वडी बत्त्याशिवाय हातानेच तीन तुकड्यांत मोडता येईल. व्रण दाखवणाऱ्या त्या दोन बायका मला आठवत होत्या. दांड्या जाड, वळणे मोकळी, पोटातली जागा ऐसपैस अशी जी अक्षरे गुळाने माझ्याकडून करवून घेतली, तीच मग मी कागदावर, पाटीवर आणि शिक्क्यावर वापरली. कागदावर बसून मी अशी अक्षरे कधी काढली नसती.

लेबलाचे काम त्यामानाने लवकर झाले, पण त्यातली एक गोष्ट सांगितली पाहिजे. वेष्टनावर काय असावे हे ठरवण्याआधी काय असलेच पाहिजे याची यादी करावी लागते. निव्वळ वजन, किंमत, उत्पादकाचे नाव-पत्ता, पॅक केल्याची तारीख, शाकाहाराचे हिरवे चिन्ह, अन्नसुरक्षा परवान्याचा चौदा अंकी क्रमांक आणि बॅच क्रमांक. विद्यार्थी हे सारे मागच्या बाजूला बारीक अक्षरांत ढकलतात, मीही तेच करणार होते. पण बॅच म्हणजे दुसरे काय? आदणच. कायद्याला हवा असलेला तो क्रमांक मी पुढच्या बाजूला मोठ्या अंकांत आणला: आदण ४७. मागे त्या दिवसाचा ऊस कोणाच्या शेतातला, वाण कोणता आणि गुळव्या कोण, एवढ्या तीन ओळी. क्रमांक आणि या ओळी हाताने भरायच्या. रंग एकच, काळा, पांढऱ्या मांजरपाटावर शिक्क्याने उठवलेला. त्यामागे खर्चाचे कारण होते, कारण बहुरंगी छपाई मोठ्या संख्येनेच परवडते आणि शिक्का पहिल्या वडीपासून परवडतो. दुसरे कारण असे की, पांढऱ्या आणि काळ्याच्या शेजारी गडद गूळही फिका गूळही आपापल्या खऱ्या रंगात दिसतो. लेबलावर पिवळा रंग असता तर गडद वडी त्याच्यापुढे आपोआप कमी ठरली असती.

सादरीकरण झाले, गुण मिळाले, त्याबद्दल विशेष सांगण्यासारखे नाही. मामांनी सगळेच स्वीकारले असेही नाही. रोज तीन ओळी कोण लिहीत बसणार, असे म्हणून त्यांनी त्या ओळी गाळल्या, आणि मांजरपाटाऐवजी त्यांच्याकडे शिल्लक असलेले खोके वापरले. मला वाईट वाटले. पण साचा त्यांनी ठेवला, आणि आदणाचा क्रमांकही, कारण एका गिऱ्हाइकाने पुन्हा येऊन “सत्तेचाळीस नंबरचा आहे का?” असे विचारले होते. सौद्याला जाणारे मोठे रवे अजूनही पूर्वीसारखेच बिननावाचे जातात. वड्या थोड्या असतात, आणि त्या गुऱ्हाळावरून किंवा ओळखीतून विकल्या जातात.

होळीला मंगळवार पेठेत मावशीकडे पुरणपोळीला गेले होते. पुरण तिने आधीच शिजवून ठेवले होते. कटासाठी गूळ काढायला मी डबा उघडला तर आत शेवटचा तुकडा होता, ‘ण’ चा. ‘आ’ आणि ‘द’ पुरणात गेले होते. मी तो उजेडाकडे धरून पाहिला. गडद, काळसर तांबड्या रंगाचा गूळ होता, कण छान होता. ‘ण’ च्या दोन दांड्यांमधली भिंत मात्र वरच्या बाजूला थोडी ढासळलेली होती. दिवाळीच्या पाडव्याचे सौदे निघण्याआधी तेवढे अंतर वाढवून पॅटर्नवाल्यांकडे पुन्हा जायचे आहे.